मी चविष्ट झालेय

पन्नाशी उलटलेल्या बाईने परक्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चार माणसांदेखत "मी फार चविष्ट झालेय हो" असं जाहीर करावं आणि वर पोटावरून हात फिरवावा, असं दृश्य डोळ्यांसमोर आणा. ती बाई मीच. गाव बोगोता, कोलंबियाची राजधानी. आमचं पुण्यातलं ऑफिस दक्षिण अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची बिलं तपासायचं काम करतं. त्या कामासाठी मला सहा आठवडे तिकडे धाडलं होतं आणि मी एका आजींच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्यांना मी 'सेन्योरा' म्हणायची, म्हणून इथेही तेच म्हणते.

रविवार होता. सेन्योरांनी आहियाको नावाचं बटाटा-कोंबडीचं सूप केलं होतं. जेवून इतकी तृप्त झाले की काहीतरी बोलायलाच हवं होतं. क्लासमध्ये शिकलेला शब्द आठवला, 'रीको', स्त्रीलिंगी 'रीका'. अर्थ चविष्ट, छान. मी बाई, म्हणून रीका. पोट भरून मला छान वाटतंय, म्हणजे 'एस्तोय मुय रीका'. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

टेबलावर एकदम शांतता. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाला ठसका लागला, सूनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. सेन्योरांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाल्या, "नो लो दुदो, मिहीता." त्यात मला शंका नाही गं पोरी.

त्या वाक्याचा अर्थ 'मी चविष्ट आहे' एवढ्यावर भागत नाही, हे मला रात्री नातवाने, विषय बराच घोळवून घोळवून, सांगितलं. माणसाबद्दल 'एस्ता रीको' किंवा 'एस्ता रीका' म्हटलं की ते रस्त्यावरच्या शिट्टीच्या जातीचं बोलणं होतं. आपल्याकडे टपरीवरची पोरं 'काय माल आहे' म्हणतात, साधारण त्या पंगतीतलं. आणि मी ते स्वतःबद्दल म्हणाले होते, पोटावर हात फिरवत.

त्या रात्रीपासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला. सहा आठवड्यांत मी कोलंबियाची कररचना किती शिकले ते विचारू नका, पण रीको मात्र कोळून प्यायले.

रीकोचा पहिला अर्थ श्रीमंत. 'एस रीको' म्हणजे तो श्रीमंत आहे. 'नुएवो रीको' म्हणजे कालपरवा पैसा आलेला आणि आज दाराला संगमरवर लावणारा. पण 'एस' काढून 'एस्ता' घातलं आणि बोलणं पदार्थाकडे वळवलं की श्रीमंती जाते आणि चव येते. 'ला सोपा एस्ता रीका': सूप मस्त झालंय. स्पॅनिशमध्ये 'असणे' या क्रियापदाचे दोन अवतार आहेत, सेर आणि एस्तार ('एस' आणि 'एस्ता' ही त्यांचीच रूपं), आणि ते शिकताना जगभरचे विद्यार्थी डोकं आपटून घेतात. आमचे क्लासमधले सर सांगायचे, सेर म्हणजे कायमचं, एस्तार म्हणजे तात्पुरतं. वहीत चौकट करून लिहून घेतलं होतं. पुढे कळलं की स्पॅनिशमध्ये मेलेला माणूस एस्तार असतो आणि वाजलेले पाच सेर. आता मरण तात्पुरतं आणि पाच वाजणं कायमचं असेल तर सरांचं बरोबर.

मला हा घोळ सुटला तो मराठीतून. तेव्हा मनात आलं की इतकी वर्षं हे आपल्या तोंडात होतं आणि आपण चौकटीत शोधत होतो. भाजी चाखून आपण क्वचितच 'भाजी छान आहे' म्हणतो. आपण म्हणतो 'छान झालीय'. त्या 'झालीय'मध्ये कुणीतरी ती आत्ता केलीय, ती तशी उतरलीय आणि मी ती चाखलीय, एवढं सगळं आलं. 'एस्ता रीका' म्हणजे हेच. शिवाय 'हापूस गोड असतो' आणि 'हा हापूस गोड आहे' यांतला फरक कुठल्याही मराठी पोराला शिकवावा लागत नाही. पहिल्यात आंब्याची जात बोलते, दुसऱ्यात हातातली फोड. आणि जातीने गोड असलेला हापूस हातात आंबट निघाला की आपण फळवाल्याशी भांडतो, ते या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत उभं राहूनच. स्पॅनिश माणूसही तसाच भांडतो. माझी चूक एवढीच की मी स्वतःला 'झालीय'च्या रांगेत, भाजीशेजारी, नेऊन बसवलं.

आहियाकोबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर मी इतकी का भारावले ते कळणार नाही. बोगोता समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटरवर आहे. विषुववृत्त जवळ असूनही तिथे बारा महिने स्वेटर लागतो, आणि दुपारी कधीही न सांगता पाऊस येतो. अशा हवेतलं हे सूप. त्यात तीन जातींचे बटाटे पडतात, आणि ते तिघंही वेगवेगळ्या स्वभावाचे. 'पापा क्रिओया' हा छोटा, पिवळाधमक बटाटा उकळता उकळता विरघळून जातो आणि सूपाला दाटपणा आणि हळदीसारखा रंग देतो. 'पास्तुसा' अर्धवट विरतो. 'साबानेरा' शेवटपर्यंत फोड म्हणून उभा राहतो. कोंबडी उकडून तिचे धागे करतात, मक्याच्या कणसाचे तुकडे घालतात आणि वरून 'ग्वास्कास' नावाचा वाळवलेला पाला चुरतात. त्या पाल्याशिवाय आहियाको नाही. ग्वास्कासचं झाड म्हणजे खरं तर एक तण. त्याची पिल्लावळ भारतातही उगवते आणि आपण ती उपटून फेकतो. टेबलावर वेगळ्या वाट्यांत साय, केपरच्या आंबट कळ्या आणि अवोकाडोच्या फोडी ठेवतात, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायच्या. सेन्योरा सायीची वाटी माझ्याकडे सरकवायच्या आणि मी पहिला घोट घेईपर्यंत त्यांचा चमचा हवेत थांबलेला असायचा. माझ्या तोंडून 'के रीको', म्हणजे 'किती छान', आलं की तो चमचा खाली यायचा.

पण 'के रीको' फक्त ताटापाशी थांबत नाही, आणि मला त्याची खरी मजा इथे आली. बोगोतात सकाळी दहाच्या सुमारास कधीकधी ढग फाटतात आणि दहा-पंधरा मिनिटं ऊन पडतं. सेन्योरा त्या वेळी हातातलं काम टाकून वेताची खुर्ची खिडकीशी ओढायच्या, पायमोजे काढायच्या आणि पाय उन्हात धरून डोळे मिटून म्हणायच्या, "के रीको एल सोलेसीतो." सोलेसीतो म्हणजे सूर्य, पण लाडाने छोटा केलेला, 'सूर्युला' म्हणावं तसा. गरम पाण्याची अंघोळ के रीको. दुपारची डुलकी के रीको. शेजारीण भेटायला आली की 'के रीको के विनो', तुम्ही आलात, किती छान वाटलं. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, चवही नाही. नुसती अंगाला जाणवणारी सुखाची एक लहर. मराठीत मी याला शब्द शोधत बसले. 'मस्त' चालतो, पण तो उन्हापेक्षा पिकनिकला बरा. माझी आजी अंग शेकताना 'आहाहा' म्हणायची. भाषांतर म्हणून त्याच्याइतकं चोख दुसरं काही मला सापडलेलं नाही.

मग मी एका संध्याकाळी या शब्दाचं कूळ शोधायला बसले आणि बिलं राहिली बाजूला. रीको हा स्पॅनिशमध्ये आला गॉथ लोकांकडून. ४१० साली रोम लुटणाऱ्या टोळ्या त्या याच. पाचव्या शतकात त्यांच्यातल्या पश्चिमी गॉथांनी स्पेनमध्ये बस्तान बसवलं, आणि ७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा येईपर्यंत तिथे त्यांचं राज्य टिकलं. त्यांच्या भाषेचं आज स्पॅनिशमध्ये फारसं काही उरलेलं नाही, पण जे उरलं त्यावरून या मंडळींचा धंदा कळतो. कपड्यांना स्पॅनिशमध्ये 'रोपा' म्हणतात, आणि तो ज्या गॉथिक शब्दावरून आला त्याचा अर्थ लूट. तसाच रीकोच्या मागचा 'रेइक्स', म्हणजे बलवान, सत्ताधीश. रोम लुटणाऱ्या त्यांच्या नायकाचं नाव अलारिक, आणि त्यातला 'रिक' हाच. फेदेरीको, रोद्रीगो, एन्रीके या आजच्या नावांच्या शेपटीतही तोच बसलेला आहे. म्हणजे रीको आधी पैसेवाला नव्हता, चविष्ट तर नव्हताच. तो आधी दांडगा होता. ज्याच्या हातात तलवार त्याच्या घरात धान्य, आणि ज्याच्या घरात धान्य त्याच्या ताटात चव, अशी पायरी पायरीने त्या शब्दाची बढती झाली, की बदली म्हणू?

या रेइक्सचं मूळ आणखी मागे गेलं की लॅटिनमधला 'रेक्स' भेटतो, ज्याचा स्पॅनिशमध्ये 'रेय' झाला, राजा. आणि त्याच मुळाचा एक फाटा संस्कृतात येऊन 'राजन्' होतो. म्हणजे बोगोतातल्या सूपाच्या वाटीत पोहणारा रीको आणि आपला राजा हे चुलत चुलत भाऊ. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारून आले. कारण भाऊ नुसते नात्याने सारखे नाहीत, वागतातही सारखे. स्पेनमध्ये बाळाचा गालगुच्चा घेऊन 'के रीको' म्हणतात, गोडुल्या पोराला 'रिकूरा' म्हणतात. आपण झोपेतून उठलेल्या पोराला 'माझा राजा तो' म्हणतो. आणि गोड शब्द कडू करायची कलाही तीच. स्पेनची बाई भांडणाच्या सुरात 'मीरा, रीका' म्हणाली की समजावं, पुढे काहीतरी झणझणीत येतंय, साधारण 'हे बघ गं शहाणे'. आणि आपण अकरा वाजता अंथरुणातून उठलेल्या चिरंजीवांना 'काय राजे, उजाडलं का?' विचारतो तेव्हा राज्याभिषेक करत नसतो.

श्रीमंत या शब्दाचं बघा. मध्ययुगात स्पेनमधल्या कास्तीय राज्याच्या सर्वांत वरच्या सरदारांना 'रिकोओम्ब्रे' म्हणत, शब्दशः रीको माणूस. त्यात पैशापेक्षा कुळाचा आणि अधिकाराचा अर्थ जास्त. आपल्याकडे 'श्रीमंत' म्हटलं की पेशवे. 'श्रीमंत आले' म्हणताना कुणी शनिवारवाड्यावरच्या कर्जाचा हिशेब करत नसे, आणि कर्ज तर पेशव्यांच्या पाचवीलाच पुजलेलं. आज श्रीमंत म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तो, आणि उपाधी म्हणून तो शब्द राहिला राजघराण्यांपाशी आणि आमच्या पुण्यात दगडूशेठच्या गणपतीपाशी. श्रीमंत जेवणात मात्र उतरला नाही. अलीकडे जाहिरातींत 'श्रीमंत चव' असं लिहितात ते वाचून दात शिवशिवतात. ते काम आपल्याकडे दुसऱ्याच शब्दाने केलं: भारी. भारी साडी म्हणजे महागाची. आणि 'भेळ लय भारी' म्हणजे? वीस रुपयांचीच, पण के रीका. एकाच शब्दात किंमत आणि गोडी बसवायची ही खोड स्पॅनिश लोकांची एकट्यांची नाही.

रीकोला विरुद्ध शब्द 'पोब्रे', गरीब. तो नामाच्या पुढे लावता की मागे यावर अर्थ ठरतो. 'मुहेर पोब्रे' म्हणजे पैसा नसलेली बाई, 'पोब्रे मुहेर' म्हणजे बिचारी, मग तिच्या नावावर चार बंगले का असेनात. आपण शब्द हलवत नाही, पण 'गरीब घरची' आणि 'गरीब स्वभावाची' हे वेगळं ओळखतोच.

या रीकोची नकाशावरची गोष्ट मात्र तोंड कडू करणारी आहे. १५०२ साली कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या लोकांच्या अंगावर त्याने सोन्याचे दागिने पाहिले. पुढे त्या मुलखाचं नाव पडलं कोस्ता रीका, श्रीमंत किनारा. सोनं हाती लागलं जेमतेम. प्वेर्तो रीको म्हणजे श्रीमंत बंदर. त्या बेटाला कोलंबसाने सान हुआन नाव दिलं होतं आणि बंदर होतं प्वेर्तो रीको. पुढे नावांची अदलाबदल झाली, बेट श्रीमंत बंदर झालं आणि बंदर सान हुआन. २०१७ साली याच श्रीमंत बंदराने सत्तर अब्ज डॉलरांहून जास्त कर्ज फेडता येत नाही म्हणून कोर्टाची पायरी चढली. हिशेब तपासणाऱ्या बाईला अशा गोष्टी आठवणीत राहतात.

ज्या एका जागी नाव खरं ठरलं, तिथे ते खोटं ठरलं असतं तर बरं, असं वाटतं. आजच्या बोलिव्हियात चार हजार मीटरवर पोतोसी नावाचं शहर आहे आणि त्याच्या डोक्यावर एक तांबूस, शंकूसारखा डोंगर. तिथल्या मूळ लोकांच्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'सुमाक उर्कु', सुंदर डोंगर. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली आणि स्पॅनिश लोकांनी त्याला नाव दिलं 'सेर्रो रीको', श्रीमंत डोंगर. एकाच डोंगराकडे बघणारे दोन डोळे, दोन विशेषणं. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने आसपासच्या गावांवर खाणीतल्या वेठबिगारीची पाळी बसवली. किती माणसं आत गेली आणि बाहेर आली नाहीत याचा नक्की हिशेब कुणापाशी नाही. डोंगर आजही पोखरला जातोय, माणसं अजून आत जातात. आणि स्पॅनिशमध्ये एखाद्या गोष्टीचं फार मोल सांगायचं तर अजून 'वाले उन पोतोसी' म्हणतात, पोतोसीच्या मोलाचं. सेन्योरा हे त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा फरशी पुसायला येणाऱ्या मुलीबद्दल म्हणायच्या.

तिथली चांदी जहाजांतून स्पेनला, तिथून व्यापाऱ्यांच्या हातून पूर्वेला, आणि बरीचशी हिंदुस्थानात यायची. मिरी, कापड, नीळ यांच्या बदल्यात. सुरतेच्या टांकसाळीत स्पॅनिश नाणी वितळवून मुघलांचे रुपये पाडत. महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, त्या पेट्यांत त्या सुंदर डोंगराचे काही तुकडे आले असतील का? याला पुरावा नाही, हा माझा आपला रात्री अकरा वाजताचा विचार.

निघायच्या आदल्या दिवशी सेन्योरांनी ग्वास्कासची एक पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिली. तिथे बरेच लोक एकमेकांना 'सुमेर्से' म्हणतात, 'आपली कृपा' या अर्थाच्या जुन्या शब्दाचं झिजलेलं रूप, आणि ते नातवंडांनाही म्हणतात. "सुमेर्से, आईंना करून घाला," त्या म्हणाल्या. माझी आई शाकाहारी, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. कोंबडीशिवाय आहियाको करेन म्हटल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला. मग जरा विचार करून म्हणाल्या, ठीक आहे, पण मग त्याला बटाट्याचं सूप म्हणा.

पुण्यात आल्यावर पहिल्या रविवारी घाट घातला. पापा क्रिओया इथे कुठला? मंडईतून नवे बटाटे आणि जुने बटाटे वेगवेगळे आणले. नवे उभे राहिले, जुने विरघळले, तेवढ्यावर भागवलं. रंगासाठी हळद घालायचा मोह आवरला. केपर मिळाले नाहीत तेव्हा लोणच्यातली करवंदं धुऊन ठेवली, हे सेन्योरांना कळता कामा नये. शेवटी ग्वास्कासचा पाला चुरला आणि घरभर तो ओलसर, गवतासारखा वास पसरला.

आईने वाटी हातात घेतली. वय पंच्याऐंशी, माहेर नि सासर दोन्ही सदाशिव पेठ. तिच्याकडून आयुष्यात कुणा पदार्थाला 'अप्रतिम' मिळालेलं माझ्या ऐकिवात नाही. पहिला घोट घेतला, थांबली. माझा चमचा हवेत.

"हे तुमच्यात काय म्हणतात?" तिने विचारलं. मी म्हटलं, छान झालं असेल तर 'के रीको' म्हणायचं.

"रिका? रिका म्हणजे रिकामा," आई म्हणाली. "भरल्या वाटीला रिका कोण म्हणतं?"

मी हरले. तिने सावकाश सगळं संपवलं, तळाची साय चमच्याने खरवडली, करवंद चोखून बी बाजूला ठेवली आणि वाटी माझ्यापुढे केली. "बरं झालंय. मीठ बेतानं घातलंस. थोडं आण अजून."

संध्याकाळी बोगोताहून व्हॉट्सॲपवर निरोप आला: आईंनी खाल्लं का? काय म्हणाल्या? मी 'बरं झालंय'ला स्पॅनिश शब्द शोधला. अनेक होते, सगळे कोरडे. मग टाइप केलं: 'म्हणाली, एस्ता रिकीसिमो.'

पलीकडून लगेच उत्तर: 'नो लो दुदो.'